दोघांमधलं हातभर अंतर

बारडोलीहून आलेल्या एका पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. ते पत्र मला अजून जवळजवळ पाठ आहे.

ते आलं मंडळाच्या दिवाळी अंकामुळे. गुजराती मुलखातलं, डिंडोलीतलं आमचं मराठी मंडळ दरवर्षी अंक काढतं. त्यात जाहिराती आणि कविता जास्त असतात. त्या वर्षी शेवटी दोन पानं रिकामी राहिली, म्हणून मला काहीतरी लिहायला सांगितलं. महापालिकेच्या मराठी शाळेत कारकुनी करून मी निवृत्त झालो आणि आता मंडळाचं वाचनालय उघडतो, बंद करतो. एका विषयाची मला थोडी माहिती आहे, तीही वाचून मिळवलेली. तो विषय म्हणजे रोलचे छोटे कॅमेरे. मी लेखाला नाव दिलं, ‘कॅमेरा अंतर कसं ओळखतो’.

लेख साधा होता. सगळ्यात स्वस्त कॅमेरे अंतर ओळखतच नाहीत. त्यांचं भिंग एका जागी पक्कं बसवलेलं असतं, फार जवळचं सोडलं तर सगळं बऱ्यापैकी दिसतं. काही कॅमेऱ्यांवर चित्रं असतात, एक डोकं, दोन माणसं, डोंगर. समोर काय आहे ते बघून भिंगाभोवतीचं कडं त्या चित्रावर फिरवायचं. काहींत एकाच माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात, त्या एकमेकींवर बसल्या की अंतर जुळलं. आणि शेवटी ते कॅमेरे, जे स्वतःच न दिसणारा प्रकाश समोर फेकतात, तो परत कसा येतो ते बघतात आणि भिंग आपोआप सरकवतात. असा कॅमेरा घेतला की माणसाला काही करावं लागत नाही, असं मी शेवटी लिहिलं होतं. ते वाक्य मी आज लिहिणार नाही.

लेख कोणी वाचला असेल असं मला वाटलं नव्हतं. पण उज्ज्वलाबाईंनी वाचला होता. त्यांनी लिहिलं होतं:

‘माझ्या लग्नाचे फोटो माझ्या भावाने काढले. त्याने नवा कॅमेरा घेतला होता. म्हणाला, फोटोग्राफर कशाला, हा सगळं आपलं आपण करतो. माझा एकटीचा फोटो चांगला आला. ह्यांचा एकट्यांचा पण चांगला आला. पण आम्ही दोघं जिथे जिथे सोबत उभे आहोत तिथे आमची तोंडं पिठासारखी पांढरी आणि पुसट, आणि मागच्या कापडावरची कोयरी न् कोयरी स्पष्ट. कापड त्याच्याच मिलमधलं होतं. भावाला हे लग्न पसंत नव्हतं, महिनाभर तो माझ्याशी बोलला नव्हता. सासरी अजून म्हणतात, तुझ्या भावाने लग्नाचे नाही, लुगड्याचे फोटो काढले. मी त्याच्याकडे जाणं-येणं सोडलं त्याला फार वर्षं झाली. तुम्ही जाणकार दिसता. असं मुद्दाम करता येतं का, एवढंच सांगा. भाऊ तुमच्या डिंडोलीतच राहतो, गजेंद्र नाव. पण त्याला विचारू नका.’

पत्र वाचताक्षणी मला कारण कळलं होतं. म्हणजे, कळलं असं वाटलं. आपोआप अंतर ओळखणाऱ्या त्या काळातल्या बहुतेक कॅमेऱ्यांची नजर चौकटीच्या मधोमध एका ठिपक्याएवढी असते. बनवणाऱ्यांनी विचार केला असणार की लोक माणसाला मधोमध उभं करूनच फोटो काढतात. एकटा माणूस असेल तर ते खरं आहे. पण दोघं शेजारी उभे राहिले आणि त्यांच्या मध्ये फट असली की ती नजर फटीतून आरपार जाते आणि मागच्या भिंतीवर थांबते. कॅमेऱ्याला वाटतं, भिंतीचाच फोटो काढायचा आहे. तो भिंग लांबवर नेतो आणि फ्लॅशच्या उजेडासाठीही लांबचाच हिशेब धरतो, म्हणून जवळची तोंडं पांढरी पडतात. आणि आमच्याकडचे नवरा-नवरी सासऱ्यांसमोर, मामांसमोर खेटून उभे राहतात थोडेच? हातभर अंतर ठेवूनच उभे राहतात.

मी उत्तर लिहायला घेतलं. ‘बहुतेक असं झालं असावं’ असं लिहिलं आणि थांबलो. कॅमेरा मी पाहिला नव्हता, फोटो पाहिले नव्हते. शिवाय त्यांचा प्रश्न वेगळाच होता. मुद्दाम करता येतं का? येतं. ज्याला ही खोड माहीत आहे, तो दोघांच्या मध्ये नेम धरून अगदी सहज करू शकेल. मग काय लिहू? भावाला ती खोड माहीत होती की नव्हती, हे कुठल्याच पुस्तकात सापडणार नव्हतं, आणि त्याला विचारू नका असं त्यांनी बजावलं होतं. एका बाईच्या भावाबद्दल ‘बहुतेक’ लिहून पाकीट बंद करायला माझा हात धजेना. उद्या नीट लिहू म्हणून मी कागद पुस्तकात ठेवला. पुढची दिवाळी गेली, तिच्या पुढचीही गेली.

वाचनालयाबाहेरच्या फळ्यावर निधनवार्ता लिहायचं काम माझ्याकडे आहे. माझं अक्षर बरं आहे म्हणून. या वर्षी थंडी सरता सरता एक मुलगा चिठ्ठी देऊन गेला. मी खडूने लिहायला लागलो, ‘गजेंद्र उखा माळी, प्रिंटिंग मिल कामगार’, आणि ‘कामगार’ लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं की हे कोण आहेत.

खानदेशी लोकांत कुणी गेलं की दारावर बसायला जातात. काही बोलायचं नसतं, नुसतं बसायचं असतं. मला ते जमतं. मी गेलो. दोन खोल्यांचं घर, बाहेर सतरंजी. इतर लोक उठून गेल्यावर गजेंद्रच्या पत्नी शोभाबाई बाहेर आल्या.

“बठा ना भाऊ. तुम्ही वाचनालयवाले ना? ते सांगायचे, तुमचं अक्षर छापल्यासारखं आहे.”

मी म्हणालो, “वहिनी, बारडोलीच्या ताई आल्या होत्या का?”

त्यांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. “आली होती. भावाचं तोंड पाहिलं आणि उलट्या पावली गेली. घोटभर पाणीसुद्धा घेतलं नाही. तुम्ही तिला कसे ओळखता?”

मी पत्राचं सांगितलं. ते सांगताना माझी मान वर होत नव्हती. त्या रागावतील असं वाटलं होतं, पण त्या आत गेल्या आणि कापडात गुंडाळलेला कॅमेरा घेऊन आल्या. काळा, पुढे सरकतं झाकण असलेला. आतले सेल काढून वेगळ्या पुडीत बांधलेले होते.

“बहिणीच्या लग्नानंतर त्यांनी याला हात लावला नाही,” त्या म्हणाल्या. “पण विकलाही नाही. रोल धुऊन आला तेव्हा फोटो बघून जेवले नाहीत. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणे, ‘मना हात हालना व्हई.’ आपलाच हात हलला असेल, असं. बहीण सासरी चालली होती ना. तिच्याशी महिनाभर बोलले नव्हते, त्याचंच रडू येत होतं त्यांना. डोळे भरले होते, हात थरथरत होता, असं म्हणायचे. दर राखीला अल्बम काढून बसायचे. ‘मनाच हात हालना,’ एवढंच.”

“मग त्यांनी ताईंना हे सांगितलं का नाही?”

“काय सांगणार? मोठा भाऊ लग्नात रडत होता, हे? त्यापेक्षा मरण बरं वाटलं असतं त्यांना.”

मी अल्बम मागितला. पत्रात लिहिल्याप्रमाणेच होतं सगळं. दोघं हातभर अंतरावर उभे, चेहरे पांढरे, आणि त्यांच्यामागे मरून रंगाच्या कापडावर पांढऱ्या कोयऱ्या, देठासकट मोजाव्यात अशा. मी ते फोटो बराच वेळ पाहत राहिलो. हात हलला असता तर कोयऱ्याही हलल्या असत्या. हात मुळीच हलला नव्हता. रडतानाही त्या माणसाने कॅमेरा अगदी घट्ट धरला होता.

म्हणजे त्यांना ती खोड माहीत नव्हती. माहीत असती तर मरेपर्यंत त्यांनी स्वतःच्या हाताला दोष दिला नसता. उज्ज्वलाबाईंच्या प्रश्नाचं उत्तर त्या घरात, माझ्या वाचनालयापासून चार गल्ल्यांवर, इतकी वर्षं बसून होतं. आणि ज्याच्या हाताला त्या उत्तराची गरज होती तो आता ऐकायला नव्हता.

मी शोभाबाईंना तसं समजावून सांगितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, “हे तिला मी सांगितलं तर म्हणेल, मेल्यावर आता वहिनी सारवासारव करते. तुम्ही सांगितलं तरी म्हणेल, डिंडोलीची माणसं एकमेकांची बाजू घेणारच. तिला डोळ्यांनी दिसलं पाहिजे.”

सुतक फिटल्यावर एका संध्याकाळी मी नवा रोल आणि नवे सेल घेऊन गेलो. कॅमेरा सुरू होईल असं मला वाटत नव्हतं, पण झाकण सरकवताच आतली मोटार कुरकुरली आणि रोल पुढे गेला. शोभाबाईंनी गाद्यांवर टाकलेलं जुनं कापड काढलं. तेच होतं, मरून, कोयऱ्यांचं, जरा फिकट झालेलं. गजेंद्रने बहिणीच्या लग्नानंतर ते घरी आणलं होतं. गल्लीच्या टोकाला दोन खांबांना आम्ही ते बांधलं आणि त्याच्या बरंच पुढे शोभाबाई आणि त्यांची मुलगी पल्लवी उभ्या राहिल्या. पल्लवी कॉलेजात जाते.

“काका, मोबाइलने काढू ना? सीधं व्हॉट्सअ‍ॅप करू फोईला.” आत्याला ती गुजरातीसारखं फोई म्हणते.

“मोबाइलच्या छोट्या पडद्यावर पुसटही चांगलं दिसतं,” मी म्हणालो. “आणि हाच कॅमेरा पाहिजे.”

“ओके. मम्मी, हस ने थोडं!”

“हसू काय? हे हसण्याचे फोटो आहेत का?”

समोरच्या ओट्यावरून पुष्पाबाई म्हणाल्या, “काय गं शोभा, महिना नाही झाला आणि फोटो काढतेस?”

“नणंदेसाठी आहे,” शोभाबाई म्हणाल्या.

“आता दोघींच्या मध्ये हातभर जागा सोडा,” मी सांगितलं.

“एवढी?” पल्लवी म्हणाली. “भांडण झाल्यासारखं वाटतंय.”

“आमच्या वेळी एवढंच अंतर ठेवायचे,” तिची आई म्हणाली. “कोणाचं भांडण नसायचं.”

मी मधल्या ठिपक्यात दोघींच्या मधली जागा धरली आणि सरळ बटण दाबलं. फ्लॅश पडला. मग दुसरा फोटो. या वेळी मी ठिपका आधी शोभाबाईंच्या चेहऱ्यावर धरला, बटण अर्धंच दाबलं, हिरवा दिवा लागल्यावर बोट तसंच ठेवून कॅमेरा मध्यावर आणला आणि मग पूर्ण दाबलं. बनवणाऱ्यांनी ही सोय ठेवलेली असते. बटण अर्धं दाबलं की अंतर धरून राहतं. फक्त तसं करायचं असतं हे गजेंद्रला कोणी सांगितलं नव्हतं. मी कोपर पोटाशी दाबून ठेवलं. असे चार फोटो एका प्रकारे आणि चार दुसऱ्या प्रकारे काढले. एक बिघडला तर दुसरा असावा म्हणून.

शहरात, भागळ बाजाराजवळच्या एका जुन्या स्टुडिओत रोल दिला. ते तो धुवायला बाहेरगावी पाठवतात. मी दोनदा जाऊन विचारून आलो. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली, म्हणून पल्लवीला पाठवलं. ती पाकीट घेऊन थेट वाचनालयात आली आणि फोटो टेबलावर मांडले. डावीकडे तिचा आणि तिच्या आईचा चेहरा पिठासारखा पांढरा, पुसट, आणि मागे कोयऱ्या एकेक देठासकट. उजवीकडे तेच कापड, त्याच दोघी, आणि शोभाबाईंच्या डोळ्यांखालचं काळंसुद्धा स्पष्ट.

“पप्पांनी हे बघायला पाहिजे होतं,” पल्लवी म्हणाली, आणि फोटोंवर बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून तिने हात मागे घेतले.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी, वाचनालय उघडायच्या आधी मी पत्र लिहिलं. पूर्वीचा अर्धवट लिहिलेला कागद पुस्तकात तसाच होता. तो फाडून टाकला. लिहिलं:

‘उज्ज्वलाताई, तुमच्या पत्राचं उत्तर फार उशिरा देतो आहे. त्याबद्दल क्षमा मागायचीही लाज वाटते. सोबत दोन फोटो आहेत. कॅमेरा तुमच्या भावाचाच आहे, कापड तुमच्या लग्नातलंच आहे. पुसट फोटोत मी कॅमेरा सरळ दोघींच्या मध्ये धरला आणि बटण दाबलं, तुमच्या भावाने धरला होता तसा. स्पष्ट फोटोत आधी वहिनींच्या चेहऱ्यावर धरला. एवढाच फरक. हा कॅमेरा फक्त मधोमध बघतो. तुम्ही दोघं हातभर अंतर ठेवून उभे होता, म्हणून तो तुमच्या मधून पलीकडे गेला. तुम्ही विचारलं होतं, मुद्दाम करता येतं का. ज्याला ठाऊक आहे त्याला करता येतं. तुमच्या भावाला ठाऊक नव्हतं. ते शेवटपर्यंत म्हणत राहिले की माझाच हात हलला, कारण त्या दिवशी ते रडत होते. हे मला वहिनींनी सांगितलं. त्यांचा हातही हलला नव्हता. हलला असता तर कोयऱ्या इतक्या स्पष्ट आल्या नसत्या. तुमच्या अल्बममध्ये बघा. आणखी एक, तो कॅमेरा अजून चालतो. त्यात मी नवा रोल घालून ठेवला आहे. तुम्ही डिंडोलीला आलात तर वहिनी तो तुमच्यासमोर ठेवतील.’

पत्र दोनदा वाचलं. ‘बहुतेक’ कुठे राहून गेलं आहे का ते पाहिलं. कुठे नव्हतं.

फोटो वाकू नयेत म्हणून मागे पुठ्ठ्याचा तुकडा लावला, पाकीट चिकटवलं आणि पोस्टात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी पाकिटाचं वजन केलं, तिकिटं लावली, शिक्का मारला. आता ते परत मागता येणार नव्हतं. त्यांनी ते मागच्या पोत्यात टाकलं. मी जरा वेळ तिथेच उभा राहिलो, मग बाहेर आलो.