शिळा मेसेज

मोठागावच्या खाडीत, जाळी बांधायच्या पाच खुंटांवर संचिताने नारळी पौर्णिमेच्या सकाळी पाच सेन्सर बसवले. पाण्याची उंची मोजून ते ती एकमेकांमार्फत काठावरच्या यंत्राला कळवत, आणि तिथून मेसेज फोनवर येई. भरती कधी येणार ते कोळ्यांना तिथीवरून कळतंच. वर नदीला पाऊस झाला की त्यात किती भर पडेल, हे मात्र तिथी सांगत नाही.

मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष दामाजी यांनी आधीच अट घातली होती. गेल्या वर्षी कुणीतरी पुराचा खोटा मेसेज फिरवला होता आणि सगळ्या गावाने होड्या उगाच वर ओढल्या होत्या.

"तुमच्याच माणसानं तुमच्या यंत्राला फसवून दाखवायचं," ते म्हणाले. "फसलं तर त्याच दिवशी खुंट मोकळे करायचे."

संचिता कल्याणच्या कॉलेजात मेसेज सुरक्षित कसे ठेवायचे हाच विषय शिकवायची. प्रत्येक मेसेजवर तिने गुप्त किल्लीचं सील ठेवलं होतं, आणि ते फोडायला कित्येक वर्षं लागली असती. फसवायचं काम तिने आपल्या सहकाऱ्याला, हर्षितला दिलं. चाचणीचे मेसेज तिघांच्याच फोनवर येणार होते: तिच्या, दामाजींच्या आणि त्यांची बायको दगडाबाई हिच्या.

आठ दिवसांनी, दुपारी एक वाजता, तिन्ही फोन एकदम वाजले. 'उधाण. पाणी २.८१ मीटर. होड्या वर घ्या.'

संचिताने लॅपटॉप उघडला. सील शाबूत होतं, किल्ली बरोबर होती. "मेसेज खरा आहे," ती म्हणाली. "आपल्याच सेन्सरचा."

दगडाबाई हसायलाच लागली. "काय गो पोरी! आज गोकुळाष्टमी हाय. माजा उपास हाय, मला नाय कळायचं? अष्टमीला भांगाचं पानी, भरतीला जोरच नसतो. ते बघ, चिखल उघडा पडलाय. उधाण कुठून आणलंस?"

संचिताने खाडीकडे पाहिलं. खुंटाच्या बुडाशी बगळा चालत होता. तिने जुन्या नोंदी काढल्या. पौर्णिमेला, दुपारी एक वाजता: २.८१. पाचही सेन्सरचे आकडे दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत तेच.

होड्यांच्या आडून हर्षित हातात छोटी अँटेना घेऊन बाहेर आला. "मॅडम, तुमच्या कुलपाला मी हातही लावला नाही. पौर्णिमेच्या मेसेजची बंद पेटी पकडून जपून ठेवली आणि आज परत पोचवली, बस."

"म्हंजे बर्फातली मासळी आजची म्हणून इकलीस," दगडाबाई म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "आवो, हा मेसेज खोटा नाय. शिला हाय. खोट्याचं ठरलेलं, शिल्याचं कुठं ठरलेलं?"

"तू वकील कधी झालीस?" दामाजी म्हणाले, पण त्यांनाही हसू आवरेना.

पळवाट समोर होती. संचिताने मान हलवली. "नाही मावशी. यंत्र फसलं. ठरल्याप्रमाणे मी काढते."

भरतीचं पाणी चढल्यावर दगडाबाईने स्वतः होडी पाण्यात घातली. संचिता एकेक सेन्सर सोडवत होती. चौथ्या खुंटाशी दगडाबाई म्हणाली, "मासळीचा कल्ला उघडला की ताजी का शिली ते कळतं. तुज्या मेसेजला कल्ला हाय का?"

संचिता स्क्रू हातात धरून थांबली. ताजेपणा हा शब्द ती दर वर्षी फळ्यावर लिहायची आणि त्याच्यासाठी एकच तास ठेवायची. "नाही," ती म्हणाली. "पण बसवता येईल."

तिने सीलच्या आत एक आकडा घातला, दर मेसेजला वाढत जाणारा. घेणाऱ्याने शेवटचा आकडा लक्षात ठेवायचा. त्याच्याहून लहान किंवा तोच आकडा पुन्हा आला, तर मेसेज टाकून द्यायचा. काम दोन दिवसांचं होतं. दामाजींकडे दुसरी संधी मागायला मात्र तिला तिसरा दिवस लागला.

"पिठोरी अमावस्येला या," ते एवढंच म्हणाले.

अमावस्येला सेन्सर पुन्हा खुंटांवर चढले. सकाळभर त्यांचे ताजे मेसेज येत राहिले आणि हर्षित त्यातला प्रत्येक पकडून परत सोडत राहिला. पकडलेला एकही दुसऱ्यांदा फोनवर उमटला नाही. बारा वाजता त्याने अँटेना मिटली. "माझी मासळी कुणी घेईना, मावशी."

"शिलंच इकतोस, कोन घेल?"

तेवढ्यात तिन्ही फोन वाजले. 'उधाण. नदीचं पाणी वाढतंय. नेहमीच्या भरतीपेक्षा हातभर जास्त. होड्या वर घ्या.'

संचिताने लॅपटॉपकडे हात नेला. आकडा, सील, वेळ, सगळं तपासायचं होतं. दामाजी खाडीकडे बघायला गेलेच नाहीत. त्यांनी फोन खिशात टाकला, लुंगी खोचली आणि खालच्या काठाला बांधलेल्या पहिल्या होडीची दोरी सोडायला घेतली.

"अगो संचिता, ते नंतर बघ," दगडाबाई ओरडली. "आणि तू रे चोरा, उभा काय ऱ्हायलास? ओढ!"