भरलेल्या फ्रीजची भीती

मी एक फ्रीज आहे, तोही भाड्याचा! हसू नका. आमच्या बेंगळुरूत पलंग, सोफा, वॉशिंग मशीन, सगळंच महिन्याच्या भाड्यानं मिळतं. कारखान्यातून निघालो तेव्हापासून माझं आयुष्य टेम्पोत आणि लोकांच्या जिन्यांवरच गेलं.

स्वभावानं मी भित्रा. दारावरची बेल वाजली की माझा कॉम्प्रेसर एकदम घरघरायला लागतो. भाडं थकलं की कंपनीची माणसं येतात आणि गोदामात नेऊन उभं करतात. तिथं वीज नाही, आत दिवा लागत नाही, नुसता कुबट वास. आठवलं तरी धडधडतं.

सध्या मी सर्जापूर रोडला शलाकाकडे आहे. इलेक्ट्रॉनिक सिटीत तिची पहिली नोकरी. आईवडील याच शहरात, पण पार उत्तरेच्या टोकाला. "माझी मी राहीन, तुमच्याकडून एक रुपया घेणार नाही," असं ठणकावून ती निघाली. वडील, विद्याधर, सरकारी कारखान्यात इंजिनियर. ते एवढंच म्हणाले, "नाही जमलं तर मुकाट्यानं घरी यायचं."

पोरीनं वर्षाच्या पॅकेजला बारानं भागलं आणि तेवढा पगार दरमहा हातात पडणार असं धरून चालली! जॉइनिंग बोनस फ्लॅटच्या अॅडव्हान्सला, म्हणजे अनामतीला, गेला. मग बाल्कनीवाल्या फ्लॅटचं भाडं, जिम, मी. पहिला पगार आला तेव्हा ती माझ्यासमोरच उभी होती. पीएफ, टॅक्स कापलेला, आणि वर्षअखेरचा बोनस तर अजून हवेतच. "अगं बाई, एवढाच?" म्हणाली आणि बोटांवर पुन्हा हिशोब करायला लागली.

तेव्हापासून आम्ही दोघंही घाबरून राहू लागलो. पगार झाला की माझ्यात चीज, अवोकाडो. मग डोशाच्या पिठाचं पाकीट. महिनाअखेरीला अर्धं लिंबू. ती दार उघडायची, बघायची, लावायची, पुन्हा उघडायची. अगं, मधल्या वेळात मी काय पैदा करणार? बेल वाजली की, भाडं मागायला कुणी आलं असेल म्हणून, श्वास रोखून बसायची. दार उघडायचीच नाही.

अशात आईचा, वीणाताईंचा, फोन आला. "रविवारी येतोय गं!"

शलाकाचं धाबं दणाणलं. क्रेडिट कार्डावर तिनं पनीर, ज्यूस, दही, भाज्या मागवल्या आणि मला काठोकाठ भरलं. रिकामा असताना वाटली नव्हती इतकी भीती मला त्या दिवशी वाटली. उधारीवर भरलेला फ्रीज म्हणजे पुढच्या महिन्यात माझं भाडं थकणारच!

रविवारी विद्याधर बाल्कनीत गेले. वीणाताई मात्र थेट माझ्याकडे.

"आई, राहू दे, मी करते चहा!"

तोवर माझं दार उघडलं होतं. वीणाताईंनी एकेक पाकीट उलटसुलट करून बघितलं. "शलाका, सगळंच सीलबंद कसं? कालची वाटीभर आमटी नाही, सुकलेली कोथिंबीर नाही. घरात उरलेलं काहीच नाही. तू जेवतेस काय गं?"

"ऑफिसातली बिस्किटं," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. मग सगळं बाहेर आलं.

"बारानं भागलंस? इंजिनियरची पोरगी ना तू!" विद्याधर कपाळावर हात मारत म्हणाले. "चल, बॅग भर."

संपलं, मला वाटलं.

"नाही बाबा." शलाका उठून उभी राहिली. "फ्लॅट सोडते. अॅडव्हान्स परत आला की कार्डाचं फेडते. ऑफिसातल्या स्मृतीच्या खोलीत जागा आहे, तिथं राहते. आधी हातात येतं ते बघेन, मग बाल्कनीचं. पण घरी नाही येणार."

वीणाताईंनी डोळे पुसले. "सरी," इतक्या वर्षांत तोंडात बसलेलं कानडी 'बरं' त्या बोलून गेल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. "राहू दे हो तिला. पण जेवायचं, कळलं?"

स्मृतीकडे फ्रीज आहे. म्हणजे माझी गच्छंती. आज सकाळी शलाकानं मला आतून पुसलं. शेवटी माझ्यात एकच वाटी होती, तिनं काल स्वतः केलेल्या आमटीची. ती गरम करून, मला टेकून, तिनं भाताबरोबर खाल्ली. मग प्लग काढला. आतला दिवा गेला.

उद्या तुमच्यापैकी कुणी मला नेलंत, तर एवढं करा. पगार हातात पडू द्या, मगच मला बोलवा. आणि वाटीभर उरेल इतकं घरी रांधा हो.

बेल वाजली. टेम्पो आला असणार. मला फार भीती वाटतेय. शलाकालाही वाटतेय. पण या खेपेला दार तिनं स्वतः उघडलं.