समुद्रापारच्या तुरीचं पोतं

मी पोतं बोलतोय. सध्या नळदुर्गच्या एका डाळमिलमध्ये भिंतीला टेकून रिकामाच बसलोय, म्हणून म्हटलं तुमच्याशी बोलावं.

माझं पोट पहिल्यांदा भरलं ते पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या एका गावात. तिथून ठरलेली तूर दरसाल आपल्याकडं पाठवायची, असा दोन सरकारांचा करार. यंदा जहाज लागायच्या आधीच तिथं चक्रीवादळ आलं. गोदामात कमरेएवढं पाणी शिरलं. गावातल्या बायकांनी मला पाण्यातून ओढून काढलं, तूर डांबरी रस्त्यावर वाळवली आणि पुन्हा माझ्यात भरली. त्यांच्या चुली थंड होत्या, पण कराराची तारीख जवळ आली होती.

समुद्र ओलांडून, ट्रकात आदळत मी महारुद्रशेठच्या मिलमध्ये उतरलो. शेठ चहा पाजल्याशिवाय भांडत नाहीत. त्या दिवशी समोर होत्या अर्पिताताई, दिल्लीच्या परराष्ट्र खात्यातल्या. नव्या करारात त्यांना हवामानाचं कलम घालायचं होतं. तिकडं वादळ आलं तर त्यांनी कमी पाठवावं, इकडं पीक चांगलं आलं तर आपण कमी घ्यावं. त्यासाठी त्या मिलवाल्यांची संमती मागत फिरत होत्या.

"मॅडम, माल न्हाय आला तर माझी माणसं काय ढग भरडतील?" शेठ हसत म्हणाले.

आपली तूर विकायला आलेल्या सारजाबाई तिथंच बसल्या होत्या. "आमचं पीक निघालं की नेमकी तुमची बोट येती आन् भाव पाडती, शेठ. तिला आमच्या शेताचा पत्ता कुणी दिला?"

उत्तर टाळायला शेठनी मला टोचून मूठभर तूर काढली, नाकाशी नेली. "भिजलेली हाय. फसवलं लेकाच्यांनी."

"फसवलं नाही, शेठ." अर्पिताताईंनी फोनमधला फोटो दाखवला. रस्ताभर तूर आणि कडेला छप्पर उडालेली घरं. "करारात थांबायची सोयच नव्हती."

सारजाबाईंनी फोन जवळ ओढला. "ह्या बायांनी बियाणं तरी मागं ठेवलं का?"

"काहींनी तेही भरून दिलं."

शेठचा हसरा चेहरा उतरला. "बियाणं दिलेला माणूस पुढच्या साली मला काय देणार? लिवा तुमचं कलम. आन् वादळ झालं की आपण बियाणं पाठवायचं, हेबी लिवा. गिऱ्हाईक सांभाळतो, तसा माल देणाराबी सांभाळाय पायजे."

"व्हय, आन् आमचं?" सारजाबाईंनी विचारलं.

"आधी तुमची तूर घेतो, मावशी. बोट मागनं."

शेठची सही घेऊन अर्पिताताई गेल्या. दिल्लीचा होकार अजून यायचाय.

पाणी लागलेल्या पोत्यात कुणी बियाणं भरत नाही, एवढं मलाही कळतं. माझ्या शेजारी बियाण्यासाठी कोऱ्या पोत्यांची थप्पी येऊन पडलीय. तुमच्यापैकी कुणाचा शब्द दिल्लीत चालत असेल, तर तेवढा टाका. त्या बायकांची पेरणी निघून जायच्या आत ही पोती जहाजावर चढू द्या.