तहानलेलं भूत

कशेळ्याच्या कपिलने उसन्या कॅमेऱ्यावर भुताचा सिनेमा काढला. आपलं गाव एकदा तरी घाबरावं, एवढीच त्याची इच्छा होती. समाजमंदिरात पडदा लागला. पांढऱ्या साडीतली बाई दारात येऊन पाणी मागते, नायक दार लावून घेतो.

कपिलची आई मालनबाई पहिल्याच रांगेतून बोलली, "दारात आलेल्याला पाणी नाय म्हनतो? कुनाचं पोर हाय रं हे?"

"आई, ती मेलेली हाय."

"मंग? मेल्यावर तहान जाते व्हय?"

बायकांनी मिळून नायकाला शिव्या घातल्या. भुताला कुणी वाईट बोललं नाही.

कपिलने सिनेमा बदलला. आता नायक तांब्या देतो, भूत पाणी पितं आणि सिनेमा मध्यंतराआधीच संपतो. दर खेळाला भूत जायला वळलं की मालनबाई पहिल्या रांगेतून म्हणते, "जेवाया थांबव की रं तिला."