साक्षीजलाचा सातवा पेला

बंद पडलेल्या गोदामात पाऊल ठेवायला जागा नव्हती. समोरच्या लांब टेबलावर काचेचे पेले मांडलेले, प्रत्येकात नितळ पाणी आणि एक नळी. "फुंका, ताई," श्वासगुरू एका बाईला म्हणाले. "छातीत काय दडलंय ते हे साक्षीजलच सांगेल." ती फुंकत राहिली आणि बघता बघता पाणी दुधासारखं पांढरं झालं. गोदामभर कुजबुज पसरली.

"हा क्षय," श्वासगुरू शांतपणे म्हणाले. "सात बैठका करायच्या. सातव्या पेल्यात पाणी नितळ राहिलं की छाती धुऊन निघाली असं समजा. मात्र गोळ्या बंद. गोळी पोटात असली की पाणी रुसतं."

पाणी रुसतं, यावर मी गंभीरपणे मान डोलावली. मी म्हणजे शाळेतला प्रयोगशाळा सहायक, नोकरी सव्वीस वर्षं, घरातलं टोपणनाव 'शास्त्रज्ञ'. हे नाव मी स्वतःच पसरवलं होतं.

आमच्या दोन खोल्यांत मी, बायको, सातवीतली लेक आणि माझा धाकटा भाऊ राहतो. भावाला क्षय झाला, तोही नेहमीच्या औषधांना दाद न देणारा. त्याचे वेगळे उपचार सुरू झाले. तो मास्क लावून खिडकीशी बसायचा. मग दवाखान्यातल्या नर्सबाई घरी आल्या. आम्हा तिघांचे एक्स-रे स्वच्छ होते, तरी त्यांनी आमच्यापुढे गोळ्या ठेवल्या. रोज घ्यायच्या, सहा महिने.

"आजार नाही आणि औषध?" मी चष्मा वर सरकवला. "हे कुठलं शास्त्र?"

"तुम्ही इतके दिवस एकाच हवेत श्वास घेतलाय. जंतू आत जाऊन झोपलेले असू शकतात. ते उठायच्या आधीच औषध द्यायचं."

"मग क्षय होणारच नाही, हे कशावरून?"

"तशी खात्री मी देत नाही. धोका निम्म्याहून कमी होतो, एवढं पाहिलंय. मळमळलं किंवा सांधे दुखले तर लगेच सांगा."

खात्री नाही म्हटल्यावर मी विजयी मुद्रेने घरच्यांकडे पाहिलं. भाऊ खिडकीजवळून म्हणाला, "दादा, माझ्याकडे बघ आणि मुकाट्याने घे." मी त्याला आराम करायला सांगितलं.

आणि हाच चिकित्सक गृहस्थ चौथ्या दिवशी बायको-लेकीला घेऊन गोदामाच्या रांगेत उभा होता. लेकीच्या पेल्यातलं पाणी पांढरं झालं तेव्हा माझ्या पायांखालची जमीन सरकली. ती माझा हात धरून म्हणाली, "बाबा, मला पण काकासारखं झालंय?" त्या क्षणी कुणी मला गोदामाभोवती लोळायला सांगितलं असतं तर मी लोळलो असतो. घाबरलेल्या बापाला शास्त्र सुचत नाही. मला एरवीही ते फारसं सुचत नव्हतं, हे पुढे कळलं.

बैठका एक दिवसाआड होत्या. दर वेळी पेला थोडा कमी पांढरा व्हायचा. मी वहीत नोंदी ठेवल्या, चक्क आलेख काढला आणि तो उतरताना पाहून मला भरून आलं. बायकोने गोळ्यांची पाकिटं कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली होती. "मी हे फेकणार नाही," ती म्हणाली. "तुमच्या आलेखावर माझा काडीचा विश्वास नाही."

सहाव्या बैठकीनंतर शाळेत सातवीचा, म्हणजे लेकीच्याच वर्गाचा, प्रयोग होता. मी दरवर्षीप्रमाणे आदल्या दिवशी पाण्यात चुना ढवळला, तो तळाशी बसल्यावर वरची नितळ निवळी गाळून घेतली आणि पेले भरले. इतकी वर्षं मी निवळी ठेवून निघून जायचो. फुंकायचं काम मुलांचं. त्या दिवशी नळ्या कमी पडतील असं वाटून परत आलो, तर चाळीस मुलं एकदम फुंकत होती. चाळीसही पेले पांढरे झाले. "उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे चुन्याची निवळी पांढरी होते," विज्ञानाच्या बाई म्हणाल्या. "कुणीही फुंकलं तरी होते."

तिसऱ्या बाकावरून माझ्या लेकीने मागे वळून पाहिलं. आता एक तर अख्ख्या वर्गाला क्षय झाला होता, किंवा मी गाढव होतो. पुरावा दुसऱ्या बाजूला भक्कम होता.

सातव्या बैठकीला मी पिशवीत निवळीची बाटली घेऊन एकटाच गेलो. श्वासगुरूंनी दिलेल्या पेल्यात फुंकलं. पाणी नितळच राहिलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मी माझी बाटली दुसऱ्या पेल्यात ओतली आणि पुन्हा फुंकलं. निवळी पांढरी झाली.

"महाराज, मला एका मिनिटात परत क्षय झाला का?"

"तुमच्या पाण्यात दोष आहे."

"दोष नाही, चुना आहे. तुमच्या पहिल्या पेल्यात होता तोच. पुढे दर वेळी तुम्ही साधं पाणी वाढवत नेलंत. आजच्यात तर फक्त नळाचं पाणी आहे. पटत नसेल तर माझ्या पेल्यात तुम्ही फुंका. तुमची छाती निर्मळच असेल."

श्वासगुरूंनी डोळे मिटले. "आज माझं श्वासमौन आहे."

"म्हणजे आज श्वासच घेत नाही का?" रांगेतल्या एका शिवणकामवाल्या बाईंनी विचारलं आणि माझ्याकडे नवी नळी मागितली. बाटलीतली निवळी ओतलेला त्यांचा पेलाही पांढरा झाला. श्वासगुरूंच्या पहिलवानासारख्या चेल्यानेही कुतूहलाने फुंकून पाहिलं आणि स्वतःच्या पेल्याकडे बघत बसला. गोदाम रिकामं व्हायला अर्धा तास लागला. त्यातले बरेच जण गोळ्या कुठे ठेवल्या ते आठवत घरी गेले, असं मी धरून चालतो.

आमचे सतरा दिवस वाया गेले होते. नर्सबाईंनी पुन्हा एक्स-रे काढायला लावले. लेकीचा हातात येईपर्यंत मी दवाखान्याच्या व्हरांड्यात येरझारा घालत होतो. तो स्वच्छ निघाला. नर्सबाई रागावल्या नाहीत, फक्त गोळ्या सुरू करायची नवी तारीख लिहिली. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तुमच्या घरात कुणाला असा क्षय झाला असेल तर सगळ्यांची तपासणी करून घ्या, आणि डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर बरं वाटत असतानाच घ्या. आणि 'कशावरून' हे जरूर विचारा. मीही विचारलं होतं. पण जिने खरं उत्तर दिलं तिला उडवून लावलं, आणि ज्याला विचारायला हवं होतं त्याच्यापुढे मान डोलावली.

आता रोज सकाळी लेक आधी स्वतःची गोळी घेते, मग माझ्यासमोर पाण्याचा पेला धरते. मी गोळी गिळली तरी ती हलत नाही.

"आ करा, शास्त्रज्ञ," ती म्हणते. "कशावरून गिळली?"