नऊ इंच मोकळी जागा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. खरं तर मी दार होणार होतो. सुताराचं माप चुकलं, मी कुठल्याच चौकटीत बसेना, म्हणून त्यानं मला काळा रंग फासला आणि शाळेत पोचवलं. दार झालो असतो तर निदान उघडता तरी आलं असतं. फळ्याला तोंड नसतं. ही माझी सबब आहे आणि ती मलाच पटत नाही.

मला चौथीच्या वर्गात टांगलं. तिथल्या बाईंचा एकच हट्ट होता. कुणी अर्धवट वाक्य लिहिलं, की त्या चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "क्रियापद कुठंय? बिनशेपटीचं माकड एक वेळ झाडावर चढेल. बिनक्रियापदाचं वाक्य कुठं जाऊन पडेल, सांगता येत नाही."

मागच्या बाकावर शिंपीणबाईंची लेक बसायची. ती इतकी सावकाश लिहायची, की सगळे तिला गोगलगाय म्हणायचे. तिला साखरेचा आजार होता. मधल्या सुट्टीत शिंपीणबाई गळ्यात टेप अडकवूनच यायच्या आणि तिला इन्सुलिन टोचायच्या.

"आज दंडाला नको," गोगलगाय म्हणायची. "बाईंनी आधीच दंड केलाय. शंभर ओळी."

"मग मांडीला. मांडीनं तरी गृहपाठ केला होता ना?"

मी हसायचो. फळा हसला की थोडी खडूची भुकटी पडते, एवढंच.

मग लढाई सुरू झाली आणि शाळेला सुट्टी लागली. पहिले दोन दिवस मुलांना आनंद झाला. मलाही झाला, हे कबूल करतो. तिसऱ्या दिवशी शाळेचं अर्धं छप्पर गेलं. त्याच दिवशी बाई गेल्या. कुठं, ते कुणी पूर्ण वाक्यात सांगितलं नाही.

शाळेत मदतीचं कोठार झालं आणि घरं पडलेली माणसं वर्गांत राहायला आली. मला फाटकाशी उभं केलं. कोठीवाल्या काकांनी माझ्यावर लिहायचं, काय आलं आणि कधी आलं. काकांची सगळी नोकरी तारखात्यात झालेली. तारेत शब्द वाचवायचे असतात, ती सवय हाडांत मुरलेली. त्यात खडूची टंचाई. काकांनी परदेशी मदत समितीकडे खडू मागितले. समितीनं गरजेचा सखोल अभ्यास केला आणि चाळीस फळे पाठवले. ते अजून मागच्या खोलीत आहेत. माझे चाळीस चुलतभाऊ, कोरे करकरीत. त्यांच्यावर लिहायला काही नाही, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

त्या दिवशी सकाळी माझ्यावर असं लिहिलं होतं:

साबण : काल.
पीठ : काल.

इतक्यात काकांना फोनवर निरोप आला, की दोन दिवसांनी इन्सुलिनची गाडी येणार. काका आनंदानं धावत आले आणि त्यांनी खाली लिहिलं:

इन्सुलिन : परवा.

त्यापुढे नऊ इंच जागा मोकळी होती. 'येईल' लिहायला पाच इंच पुरतात.

खडू खिशात टाकतात तोवर समितीचे पाहुणे आले. त्यांनी एक कागद माझ्या कोपऱ्यात चिकटवला: 'तीव्र चिंता. सर्वतोपरी साहाय्य. शांततेसाठी प्रयत्न.' बाई असत्या तर तिन्ही ओळींखाली लाल रेघ मारली असती. मग पाहुणे "आम्ही तुमच्या पाठीशी आहोत" असं म्हणाले आणि माझ्याकडे पाठ करून फोटोला उभे राहिले. पाऊण तास.

शिंपीणबाई आल्या तेव्हा ते उभेच होते. गोगलगाईची बाटली दोन दिवस पुरेल एवढीच उरली होती. दोन कोटांच्या मधून त्यांनी मला वाचलं. साबण काल, पीठ काल, इन्सुलिन परवा.

"परवा?" त्या शेजारच्या न्हाव्याला म्हणाल्या. "परवा तर मी इथंच रांगेत होते. आलं कधी?"

"आलं असेल आणि गेलंही असेल ताई. आपल्याला सांगून काय येतंय इथं?"

त्यांनी काकांना हाक मारली. काका पाहुण्यांना पाणी देत होते. त्यांनी हातानंच खूण केली, नंतर, नंतर.

"पुलापलीकडच्या गावात मिळतंय म्हणे," न्हावी म्हणाला. "दोन दिवसांची वाट."

शिंपीणबाईंनी हिशेब केला. वाट दोन दिवसांची, बाटली दोन दिवसांची. त्या लेकीला घेऊन लगेच निघाल्या. गोगलगाईनं जाताना माझ्यावरून बोट फिरवलं आणि बोटाची भुकटी फ्रॉकला पुसली. पूल आदल्या दिवशीच पडला होता. ते कुठल्याच फळ्यावर लिहिलं नव्हतं.

गाडी परवा आली. अगदी वेळेवर, लढाईतली अशी पहिलीच. काकांनी यादीतलं गोगलगाईचं नाव सात वेळा पुकारलं.

अकराव्या दिवशी शिंपीणबाई परत आल्या. एकट्या. टेप गळ्यातच होती.

"काका," त्या म्हणाल्या, "परवा म्हणजे कुठला हो? मागचा, की पुढचा?"

काकांनी माझ्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "पुढचा."

"मग एक शब्द राहिला की."

"खडू नव्हता पुरेसा..."

शिंपीणबाईंनी खिशातून कापडावर रेघा मारायचा खडू काढला. तो इतके दिवस त्यांच्या खिशातच होता. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. नऊ इंचांत त्यांनी नीट, सुवाच्य लिहिलं: येणार आहे.

मित्रांनो, शिंप्याच्या त्या खडूत मेण होतं. काकांनी ओल्या फडक्यानं घासलं, रॉकेलनं घासलं, ते शब्द जात नाहीत. बाकी सगळं पुसलं जातं, ते तेवढे राहतात. परवा काकांनी त्याच ओळीत लिहिलं, 'दूध : संपलं', आणि पुढे आपोआप आलं, 'येणार आहे'. लोक वाचतात आणि थांबतात. इतकी माणसं थांबलेली बघून काकांना समितीला फोन करावाच लागतो, आणि दूध आणावंच लागतं.

तुमच्यापैकी कुणी मोठेपणी समितीत गेलं, तर वाक्य पुरं करा. जागा असते. मी रोज मोजतो. नऊ इंच.