चौदाव्या चाव्यातली शिंक

बाईंची दोन वर्षं रबराचे तुकडे चावण्यात गेली होती. खरं तर ते लोकांकडून चाववून घ्यायचे. पण लोक एकदा येत आणि दुसऱ्या वेळी त्यांच्याकडे नेमके पाहुणे येत. म्हणून पहिला जबडा बाईंचा स्वतःचाच. गालावर आणि कानशिलावर पट्ट्या चिकटवायच्या, खालचा जबडा पुढे किंवा मागे धरायचा आणि कचकन चावायचं. जबडा पुढे असला की गालाचा स्नायू राबतो, कानशिलाचा आराम करतो. मागे घेतला की कानशिलाचाही जुंपला जातो. मशीन त्याची रेघ काढतं. एवढ्यावर बाईंची पीएचडी अडली होती.

सहा महिन्यांपूर्वी मार्गदर्शक सरांनी त्या रेघा पाहून नाक मुरडलं होतं. "अगं, मशीनच बिघडलंय. फाइल ठेव माझ्याकडे, तू नव्याने सुरू कर." सर वडिलांसारखे. बाईंनी मुकाट्याने नवं रबर आणलं.

आज परिषदेत त्या तिसऱ्या रांगेत होत्या. पडद्यावर सरांचं नाव आणि त्याखाली सरांच्या जावयाचं. जावई चष्म्याच्या नंबरांचे डॉक्टर. मग रेघ आली. चौदावा चावा, मध्येच एक सुळका.

बाईंनी तो सुळका लगेच ओळखला. त्या चाव्यात त्यांना शिंक आली होती.

"हा सुळका," सर रंगात येऊन म्हणाले, "म्हणजे जबड्याची संरक्षक प्रतिक्रिया. आजवर कुणालाच दिसली नव्हती!" टाळ्या.

बाई उभ्या राहिल्या. "सर, तेव्हा ती व्यक्ती काय करत होती?"

"चावत होती. दुसरं काय करणार?" सभागृह हसलं.

"शिंकत होती, सर. तुम्हीच रुमाल दिलात."

सर प्रसन्न हसले. "बसा बाई, बसा. तुमचेही आभार मानलेत आम्ही."

सहा वर्षांत सरांनी त्यांना पहिल्यांदाच अहो-जाहो केलं होतं. आभार मात्र खरंच मानले होते. परिषदेच्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर, चहाच्या सूचनेच्या वर, बारीक अक्षरात: 'व्यक्ती क्रमांक एक'.

बाईंनी दात आवळले. जबडा मागे गेला, कानशील ठणकायला लागलं. मशीन बिघडलेलं नव्हतं.

फाइल सरांकडे होती. प्रयोगाच्या नोंदींची रोजची वही मात्र बाईंच्या पर्समध्येच राहिली होती. बाईंनी पान काढलं. तारीख, वेळ, चौदावा चावा, 'शिंक, वगळणे.' खाली सरांचीच सही, नेहमीसारखी न वाचता केलेली. पानात बोट ठेवून त्या अध्यक्षांच्या टेबलाकडे चालू लागल्या.